एक पातं रात्रीत होतं, मग अख्ख्या चक्राला हजारो कोअर का लागतात?

माटुंग्याला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका मुलीने मला दोन प्रश्न पाठवले. तिच्या गटाने नासाच्या 'रोटर ३७' या कंप्रेसर-चक्राच्या (जेट इंजिनात हवा दाबून मागे ढकलणाऱ्या, पाती लावलेल्या फिरत्या चक्राच्या) एका पात्याचं सिम्युलेशन केलंय. दहा लाख सेलचं मेश (म्हणजे गणितासाठी हवेचे पाडलेले बारीक कप्पे), लॅबमधली आठ कोअरची मशीन (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र गणित करणारा भाग). संध्याकाळी लावलं की सकाळी चहाच्या वेळेला उत्तर तयार. तिचा पहिला प्रश्न असा: "सर, एवढ्यात काम होतं तर जेट इंजिनवाले हजारो प्रोसेसरचे सुपरकॉम्प्युटर कशाला अडवून ठेवतात?" आणि दुसरा: "नंतर आम्हाला ३२ कोअरची मशीन मिळाली. कोअर चौपट झाले, पण वेळ जेमतेम निम्म्यावर आला. आमचं काय चुकलं?"

पवईत बसून गेली बावीस-तेवीस वर्षं मी हवेचे प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवायचा हाच उद्योग करतोय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

रोटर ३७ निवडलात ते बरं केलंत. १९७० च्या दशकात नासाच्या क्लीव्हलंडच्या केंद्रात तो घडला. ३६ पाती, मिनिटाला १७,१८८ फेरे, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४५४ मीटर. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने त्याच्यावर एक झाकल्या मुठीची परीक्षा घेतली. पात्यांची भूमिती सगळ्यांना दिली, प्रत्यक्ष मोजमापं लपवून ठेवली आणि म्हणाले, आता तुमच्या सोल्व्हरची (प्रवाहाची गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची) उत्तरं पाठवा. या धंद्यातल्या भल्याभल्यांची उत्तरं एकमेकांशीही जुळली नाहीत आणि मोजमापांशीही. सकाळच्या चहाला तयार झालेला तुझा रंगीत नकाशा बघताना एवढं लक्षात असू दे.

आता पहिला प्रश्न. टर्बाइनमध्ये (इंजिनाच्या मागच्या भागात, जो कंप्रेसरला फिरवतो) हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, उतारावरून पाणी जावं तशी. कंप्रेसरमध्ये तिला चढावर ढकलायचं असतं, आणि जरा जोर कमी पडला की ती पात्याची पाठ सोडते. म्हणून कंप्रेसरमध्ये दाब थोडाथोडाच वाढवावा लागतो, एकेका टप्प्याला. आपल्याकडे सांताक्रूझवरून उडणाऱ्या कित्येक ७३७ विमानांना सीएफएम५६-७बी इंजिन असतं. त्याच्या हाय-प्रेशर कंप्रेसरला नऊ टप्पे आहेत, आणि ते नऊच्या नऊ फिरवणाऱ्या टर्बाइनला टप्पा फक्त एक. चढ आणि उतार यातला फरक यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

तुझ्या मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना पिरिऑडिक अट लावलेली आहे. तिचा अर्थ असा की दोन पात्यांमधल्या या एका फटीत जे घडतंय तेच, त्याच क्षणी, उरलेल्या ३५ फटींत घडतंय. इंजिन मजेत चालत असेल तेव्हा हे गृहीतक चालून जातं. पण कंप्रेसर डिझाइन करणाऱ्याला झोप लागत नाही ती वेगळ्याच प्रश्नापायी: प्रवाह कमी करत नेला तर हा कुठल्या क्षणी बिघडेल?

बिघडतो कसा ते जवळून बघ. प्रवाह कमी झाला की हवा पात्यावर जास्त तिरकी येते. पाती सगळी सारखी असली तरी अगदी सारखी नसतात. एखादं पातं आधी हात टेकतं. त्याच्या पाठीवरून प्रवाह सुटतो, ती फट तुंबते. तिथे जाऊ पाहणारी हवा दोन्ही बाजूंना वळते. एका शेजाऱ्याकडे ती आणखी तिरकी पोचते आणि तोही तुंबतो. दुसऱ्या शेजाऱ्याकडे ती सरळ होऊन पोचते आणि त्याला उलट आराम मिळतो. म्हणजे तुंबलेली जागा एका ठिकाणी न राहता पात्यापात्याने सरकत जाते. बाहेरून, केसिंगवर सेन्सर लावून बघितलं, तर ती चक्राच्याच दिशेने पण चक्रापेक्षा बरीच हळू फिरताना दिसते. याला रोटेटिंग स्टॉल म्हणतात. एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच हे असं समजावून सांगितलं होतं. पुढची पायरी सर्ज: अख्ख्या इंजिनातली हवा उलटी फिरते, मोठा बार होतो, कधी पुढच्या तोंडातून ज्वाळा बाहेर येते.

आता सांग, सगळ्या फटींत एकच घडतंय असं आधीच ठरवून टाकलेल्या मॉडेलमध्ये ही सरकणारी तुंबलेली जागा येणार कुठून? मेश कितीही बारीक कर, टर्ब्युलन्सचं मॉडेल बदल, तिथे ती शक्यताच नाही. तुझा सोल्व्हर त्या जागी एकतर डायव्हर्ज होईल (आकडे भरकटून उत्तरच येणार नाही) किंवा छत्तीसही फटी एकाच वेळी तुंबवेल. खरं इंजिन सहसा तसं वागत नाही. म्हणून अख्खं चक्र घ्यावं लागतं. सुपरकॉम्प्युटर म्हटलं की लोकांना वेग आठवतो. माझ्या लेखी तो घ्यायचा तो एखादं गृहीतक सोडून देता यावं म्हणून.

स्टेटर (फिरत्या चक्रामागची न फिरणाऱ्या पात्यांची रांग) जोडला की आणखी गंमत. रोटर ३७ च्या मागे जो स्टेटर होता त्याला ४६ पाती. ३६ आणि ४६ यांचा मसावि काढ: २. म्हणजे दोन्हींना न्याय देणारा सगळ्यात छोटा तुकडा अर्धं चक्र आहे, १८ पाती आणि २३ पाती. इंजिनवाले पात्यांचे आकडे मुद्दाम असे निवडतात, कारण आकडे एकमेकांत नीट बसले तर कंपनं एका सुरात येतात आणि पाती तुटतात. त्यांच्या सोयीची गोष्ट ती आपली डोकेदुखी. 'मिक्सिंग प्लेन' लावून यातून पळवाट काढता येते. रोटरमागची वेळोवेळी बदलणारी हवा गोलाकार सरासरी करून स्टेटरला द्यायची. रोजच्या डिझाइनचं बहुतेक काम आजही असंच होतं आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त सरासरीत स्टॉलची ती सरकणारी जागाही पुसली जाते.

हिशोब करून बघू, साधाच. तुझी स्थिर केस (वेळेनुसार न बदलणाऱ्या प्रवाहाची) समजा ४,००० इटरेशनमध्ये, म्हणजे उत्तर सुधारत नेण्याच्या ४,००० फेऱ्यांत, उतरते. अख्ख्या चक्राचे सेल ३६ पट, म्हणजे ३ कोटी ६० लाख. वेळेनुसार सोडवायचं तर एक पातं पुढच्या पात्याच्या जागी येईपर्यंत निदान शंभर टाइमस्टेप (वेळेचे छोटे टप्पे) घ्याव्यात. म्हणजे एका फेऱ्याला ३,६००. प्रत्येक टाइमस्टेपच्या पोटात वीस इटरेशन धरल्या तर फेऱ्याला ७२,०००. स्टॉल उगवून स्थिरावायला दहा फेरे दे: सात लाख वीस हजार. तुझ्या ४,००० च्या १८० पट. गुणिले ३६, म्हणजे ६,४८० पट काम. तुझी रात्र दहा तासांची धरली, तर त्याच आठ कोअरवर हे काम ६४,८०० तास चालेल. सात वर्षांहून जास्त. तोवर तुझी पीएचडी होऊन जाईल. आणि इंजिनातले ते दहा फेरे म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिलिसेकंद.

बरं, हे एकाच चक्राचं. नऊ-दहा टप्प्यांच्या कंप्रेसरमध्ये, प्रत्येक टप्प्याला एक रोटर आणि एक स्टेटर धरून, पात्यांच्या रांगा अठरा-वीस होतात.

पाच हजार कोअर दिले तर तेच काम साडेचार दिवसांच्या आत व्हायला हवं, असं भागाकार सांगतो. भागाकार खोटं बोलतो, आणि इथून तुझा दुसरा प्रश्न सुरू होतो.

समांतर गणना म्हणजे मेशचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कोअरला द्यायचा. पण तुकड्याच्या कडेच्या सेलला शेजारच्या तुकड्यातली मूल्यं लागतात, म्हणून प्रत्येक इटरेशनला कडेची माहिती शेजाऱ्यांना पाठवायची आणि त्यांची घ्यायची. १९९४ मध्ये पहिल्यांदा ठरलेलं एमपीआय हे मानक त्याच देवाणघेवाणीसाठी. दहा लाख सेल आठ कोअरला वाटले तर प्रत्येकी सव्वा लाख, म्हणजे ५० गुणिले ५० गुणिले ५० चा ठोकळा. त्याची बाहेरची कड १५,००० सेलची, बारा टक्के. ३२ कोअरला वाटलं की कड एकोणीस टक्क्यांवर जाते. हजार कोअरला वाटलं की प्रत्येकाला हजारच सेल, १० गुणिले १० गुणिले १० चा ठोकळा, आणि कड ६०० ची! बहुतेक चांगल्या सोल्व्हरना शेजाऱ्याचे दोन थर लागतात, म्हणजे स्वतःच्या हजार सेलपायी बाहेरून बाराशेची माहिती मागवायची. घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त.

म्हणून एका कोअरमागे किती सेल, हा आकडा मी कुठल्याही केसमध्ये आधी विचारतो. माझ्या अनुभवात साध्या कोअरवर तीस-चाळीस हजारांच्या खाली उतरण्यात फारसा अर्थ नसतो. त्या मापाने तुझ्या अख्ख्या चक्राला हजारेक कोअर पुरे, आणि मग साडेचार दिवसांचे तीन आठवडे होतात. जागेचे तुकडे करता येतात गं. काळाचे सहजासहजी करता येत नाहीत. दुसरा फेरा पहिला संपल्याशिवाय सुरू होत नाही.

मग वाट बघण्याचा प्रश्न. लग्नाची पंगत आठव. दीडशे पानं वाढलेली, एकशे एकोणपन्नास जण जेवून हात वाळवत बसलेत, आणि कोपऱ्यातले एक आजोबा निवांत ताकभात कालवतायत. ते उठेपर्यंत पंगत उठत नाही, आणि पंगत उठेपर्यंत दुसरी बसत नाही. दर इटरेशनला सगळ्या कोअरची अशीच पंगत असते. मेटिससारखं सॉफ्टवेअर सेल मोजून सारखे तुकडे करून देतं, पण सेल सारखे म्हणजे काम सारखं असं नाही. रोटर-स्टेटरच्या सीमेवरचा तुकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याला इंटरपोलेशनचं (दोन्हीकडच्या न जुळणाऱ्या सेलमधली मूल्यं अंदाजाने जुळवण्याचं) जादा काम पडतं. आजोबा तिथे बसलेले असतात. शिवाय ती सीमा सरकती. कुर्ला-सायनच्या मध्ये स्लो आणि फास्ट लोकल शेजारून धावतात तेव्हा आपल्या खिडकीसमोरची खिडकी क्षणाक्षणाला बदलते, तसं रोटरच्या तुकड्याचा समोरचा शेजारी दर टाइमस्टेपला बदलतो. आत्ता कोणाशी बोलायचं हे दर वेळी नव्याने शोधायचं. हा शोध जर एकाच कोअरवर होत असेल (जुन्या कोडमध्ये असायचाच) तर संपलं. अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब आठव: कामाचा एक टक्का जरी समांतर होत नसेल, तरी हजार कोअर लावून वेग ९१ पटच वाढतो.

पण तुझ्या ३२ कोअरच्या बाबतीत माझा पहिला संशय यातल्या कशावरच नाही. प्रवाहाची गणिती कामं आकडेमोडीत कमी आणि मेमरीतून आकडे आणण्यात जास्त अडकतात. डीडीआर४-३२०० रॅमचं एक चॅनेल (मेमरीतून प्रोसेसरकडे येणारी एक वाट) सेकंदाला २५.६ जीबी आणतं. साध्या मशीनला अशी दोन चॅनेल असतात, मोठ्या सर्व्हरला आठ. कोअर बत्तीस आणि चॅनेल मोजकीच, म्हणजे बत्तीस बायका आणि चाळीत नळ दोन. कळश्या वाढवून पाणी लवकर येत नाही. मोठ्या क्लस्टरवर (एकमेकांना जोडलेल्या मशीनच्या ताफ्यावर) कित्येकदा आम्ही नोडमधले, म्हणजे एकेका मशीनमधले, अर्धे कोअर मुद्दाम रिकामे ठेवतो. रिकामे कोअर बघून हिशोब तपासणारे साहेब चिडतात, पण केस लवकर उतरते.

आणखी एक गोष्ट, जिला नवीन पोरं घाबरतात. आठ कोअरवरचं आणि बत्तीस कोअरवरचं उत्तर शेवटच्या काही आकड्यांत जुळणार नाही. बेरजेचा क्रम बदलला की कॉम्प्युटरच्या बेरजेत शेवटचा अंक बदलतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. स्टॉलच्या अगदी काठावर मात्र मी एकच केस एका विभागणीत टिकलेली आणि दुसऱ्या विभागणीत कोसळलेली पाहिली आहे. ते बघून सोल्व्हरमध्ये बग शोधायला बसू नकोस. खरा कंप्रेसरही त्या काठावर रोज त्याच क्षणी कोसळत नाही.

आता आमची फजिती सांगतो. एका ग्राहकाने पात्यांची भूमिती पाठवली. आम्ही पाचशेच्या आसपास कोअर घेऊन नऊ दिवस अख्ख्या चक्राची केस चालवली. स्टॉल अपेक्षेपेक्षा फार लवकर आला. गटात आनंदीआनंद, आपण काहीतरी शोधून काढलं म्हणून. तिकडच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने फोनवर एकच विचारलं, "पात्याच्या टोकाची फट किती घेतलीत?" सांगितली. तो म्हणाला, "ती थंड इंजिनातली आहे." इंजिन फिरायला लागलं की पातं केंद्रोत्सारी बलाने ताणतं, उष्णतेने वाढतं, आणि फट बुजत जाते. आम्ही घेतली होती त्याच्या निम्म्याहूनही ती कमी निघाली. तुझ्या रोटर ३७ मध्येच बघ, साडेसात सेंटिमीटर उंच पातं आणि टोकाशी फट ०.३५६ मिलिमीटर, तीन-चार कागदांच्या जाडीची. त्या एवढ्याशा फटीतून निसटणारी हवा भोवरा करते आणि बहुतेक वेळा स्टॉलची सुरुवात तिथूनच होते. तो प्रश्न आम्ही नऊ दिवस आधी, एका पात्यावर, एका रात्रीत विचारू शकलो असतो. भूमिती थंड की गरम, एवढं एका मेलमध्ये विचारायचं राहिलं होतं, आणि ते माझ्याकडूनच.

रन अर्धवट तुटण्याची तयारीही हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी रात्रभर ऑफिसातच अडकलो होतो. दुपारी वीज गेली, क्लस्टर बंद झाला, आणि आमची रीस्टार्ट फाइल (जिच्यावरून तुटलेला रन पुढे चालू करता येतो) लिहिली जायची चोवीस तासांतून एकदा, संध्याकाळी. जवळजवळ पूर्ण दिवसाचं काम मिठी नदीला मिळालं. तेव्हापासून दर चार तासांनी रीस्टार्ट लिहायची सवय लागली. मात्र उगाच सगळं लिहीत सुटू नकोस: ३ कोटी ६० लाख सेल, प्रत्येकी सात आकडे, आठ-आठ बाइटचे, म्हणजे एका क्षणाचं चित्र दोन जीबीचं. फेऱ्यातल्या ३,६०० टाइमस्टेपची सगळी चित्रं ठेवलीस तर एका फेऱ्याला सात टीबीच्या वर. कुठल्या छेदावर, कुठल्या बिंदूंवर काय मोजायचं ते आधीच ठरव, केसिंगवर सेन्सर कुठे लावायचे ते प्रयोगशाळेत आधी ठरवतात तसं.

एवढं करूनही आपण भोवऱ्यांची सरासरीच सोडवत असतो हे विसरू नकोस. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या एलईएस पद्धतीला पात्याच्या पृष्ठभागाजवळ इतके बारीक सेल लागतात की वरचा सगळा हिशोब पोरखेळ वाटावा. त्यासाठी आता जीपीयूवाल्या (ग्राफिक्स चिपवाल्या) यंत्रांकडे मोर्चा वळलाय. अमेरिकेतल्या ओक रिजच्या फ्रंटियर या सुपरकॉम्प्युटरने २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपची (सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्या आकडेमोडींची) रेषा ओलांडली, आणि जीई एअरोस्पेसने त्यावर बिनआवरणाच्या पंख्याभोवतीचा प्रवाह सोडवायला घेतला. तो पंखा आहे, कंप्रेसर नाही. बंद नळीत एकामागे एक रांगा लावल्या की गुंता वाढतो.

जाता जाता आपल्याकडचं सांगतो, कारण तुमच्या पिढीला सुपरकॉम्प्युटर म्हटलं की परदेशच दिसतो. बंगळुरूच्या एनएएल या विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेने १९८६ मध्ये फ्लोसॉल्व्हर हा कॉम्प्युटर बांधला तो मुळात प्रवाहाची गणितं सोडवायलाच. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकचा परम ८००० आला, आणि त्याच वर्षी तुझ्या कॉलेजपासून फार लांब नाही अशा ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये अनुपम मालिकेची सुरुवात झाली. तेव्हा अमेरिकेकडून मोठी यंत्रं अटींशिवाय मिळत नव्हती, म्हणून छोटे प्रोसेसर जोडून काम भागवणं भाग पडलं. गंमत अशी की पुढे सगळं जग त्याच वाटेने गेलं.

तुझ्या प्रोजेक्टला अख्खं चक्र नकोच. एकाच पात्यावर आधी प्रवाह चोक होतो (त्याहून जास्त हवा जाऊच शकत नाही) तिथला आकडा मोजमापाशी जुळव; रोटर ३७ चा तो सेकंदाला २०.९३ किलो आहे. तो जुळत नसेल तर पुढचं काहीच बोलू नये. मग टोकाची फट कमी-जास्त करून तीन केस लाव. वेळ उरलाच तर सहा पाती घे, पण सहा पात्यांत आलेल्या स्टॉलला खरा समजू नकोस, कारण तिथेही सहा फटींचीच आवृत्ती सहा वेळा होते आणि तुंबलेल्या जागेला त्यातच बसणारा आकार घ्यावा लागतो.

आणि कोअरचा प्रश्न असा सोडव. तीच केस १, २, ४, ८, १६ आणि ३२ कोअरवर शंभर-शंभर इटरेशन चालव, वेळ लिहून काढ. आठपर्यंत वेगाचा आलेख सरळ चढला आणि मग आडवा झाला, तर संशय मेमरीच्या चॅनेलवर; मशीन उघडून रॅमच्या पट्ट्या किती खाचांत आहेत ते बघ. आठ खाचा असून दोनच भरलेल्या असतील, तर लॅबच्या सरांकडून मंजुरी घे आणि सहा पट्ट्या आणायला सरळ लॅमिंग्टन रोड गाठ. त्याच मापाच्या, त्याच वेगाच्या घे. मिसळल्यास तर सगळ्या सगळ्यात हळू पट्टीच्या वेगाने चालतील.